चांद्रयान सरळ का गेले नाही?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला. त्यानंतर काही आठवडे आम्हांला शाळाशाळांतून बोलावणी येत होती. आम्ही जायचो, चित्रे दाखवायचो, यानाचे वजन आणि उपकरणांची नावे सांगायचो, मुले टाळ्या वाजवायची. तालुक्याच्या गावी अशाच एका शाळेत कार्यक्रम संपता संपता दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, अपोलो चार दिवसांत चंद्रावर उतरलं. आपल्याला चाळीस दिवस का लागले?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्या खिशात तयार असे. आम्ही म्हणालो, "इंधन वाचवण्यासाठी आपण लांबच्या वाटेने गेलो." ती बसली आणि लगेच पुन्हा उभी राहिली. "पण सर, लांबच्या वाटेनं गेलं तर इंधन जास्त लागेल ना?"

वर्ग हसला. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले. "प्रश्न चांगला आहे, नंतर बोलू," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि एस.टी. पकडली. परतीच्या तीन तासांत मात्र तो प्रश्न आमच्या शेजारीच बसून होता. मुलीचे म्हणणे अगदी बरोबर होते. एस.टी. लांबच्या रस्त्याने गेली तर डिझेल जास्त जाळते. मग यान का नाही? आम्ही दिलेल्या एका ओळीच्या उत्तरात याचा खुलासा नव्हताच, आणि खरे सांगायचे तर ते उत्तर अर्धेच बरोबर होते.

महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' या पुस्तकातला पहिला पाठ 'गुरुत्वाकर्षण' हा आहे. त्यात केप्लरचे नियम, मुक्तिवेग, मुक्त पतन असे सारे येते. शेवटचा, दहावा पाठ आहे 'अवकाश मोहिमा'. पहिला पाठ जूनमध्ये सूत्रे आणि उदाहरणे यांसाठी शिकवला जातो. दहावा शिकवेपर्यंत परीक्षा जवळ आलेली असते, त्यामुळे तो उपग्रहांची नावे आणि त्यांचे उपयोग पाठ करण्यात उरकतो. या दोन पाठांची गाठ वर्गात क्वचितच पडते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या गाठीत आहे, आणि ते देण्यासाठी पुस्तकाबाहेरचे एकही सूत्र लागत नाही. कसे ते पाहू.

प्रथम एस.टी.चा प्रश्न निकालात काढू. गाडीला इंधन लागते ते मुख्यत्वे घर्षणाशी आणि हवेच्या विरोधाशी झगडण्यासाठी. हा झगडा प्रत्येक किलोमीटरला असतो, म्हणून जास्त किलोमीटर म्हणजे जास्त डिझेल. यानाच्या वाटेवर हवा जवळजवळ नाहीच. तेथे वेग बदलायचा असेल तेव्हाच इंजिन चालवावे लागते. एरवी ते बंद असते आणि यान आपले चालत राहते. चाळीस दिवसांच्या प्रवासाचा फार मोठा भाग चांद्रयानाने इंजिन बंद ठेवून केला. अवकाशात इंधनाचा हिशेब अंतराने करायचा नसतो, वेगातल्या बदलाने करायचा असतो. न्यूटनचा पहिला नियम मुले सातवी-आठवीपासून म्हणत असतात, पण "गती आहे तेथे बळ असलेच पाहिजे" ही समजूत आत टिकून असते. ती अशा प्रश्नातून वर येते. ती वर आली की शिक्षकाने आनंद मानावा. आमच्यासारखे घड्याळाकडे पाहू नये.

आता इंजिन बंद असताना यान काय करते? ते पडत असते. हे वाक्य वर्गात उच्चारले की दोन-तीन हात वर होतात, कारण दुसरी एक समजूत तितकीच घट्ट आहे: अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर होते. त्यांना तरंगताना सगळ्या मुलांनी पाहिले आहे, तेव्हा पुरावाही डोळ्यांसमोर असतो. मुलांना गणित करू द्यावे. स्थानक सुमारे ४०० कि.मी. उंचीवर असते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ कि.मी. म्हणजे केंद्रापासूनचे अंतर ६,३७१ चे ६,७७१ झाले. व्यस्त वर्गाचा नियम लावला तर तेथील गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी सुमारे ८.७ मी./सेकंद² येते. जमिनीवर ५० किलो भरणारा माणूस त्या उंचीच्या एखाद्या मनोऱ्यावर उभा राहिला तर काटा ४४ किलो दाखवील. यात तरंगण्यासारखे काहीच नाही!

मग ते तरंगतात कसे? येथे फळ्यापेक्षा पाण्याची प्लॅस्टिकची बाटली अधिक कामाची. तळाशी कडेला एक भोक पाडा, बोटाने दाबून धरा, पाणी भरा, झाकण लावू नका. बोट काढले की धार लागते. आता बाटली उंचावरून सोडून द्या. पडत असताना धार थांबते, कारण बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने पडत असतात आणि पाण्याचा भार बाटलीच्या तळावर राहत नाही. यानंतर मुलांना विचारा, बाटली वर फेकली तर काय होईल? बहुतेक जण म्हणतात की वर जाताना धार लागेल आणि खाली येताना थांबेल. प्रत्यक्षात हातातून सुटल्या क्षणापासून दोन्ही वेळा धार थांबलेली असते. वर जाणारी वस्तूसुद्धा मुक्त पतनातच असते, हे एरवी पटवून द्यायला अर्धा तास लागतो. बाटलीला अर्धे मिनिट पुरते. प्रयोग मात्र मैदानात करावा, आमच्या पहिल्या प्रयत्नात वर्गातले हजेरीपत्रक भिजले होते.

पडणारे यान जमिनीवर का येत नाही, याचे उत्तर न्यूटननेच देऊन ठेवले आहे. उंच डोंगरावरून आडवा फेकलेला गोळा पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली पडतो, मग तो हळू फेका की जोरात. पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभागही आडव्या रेषेपासून खाली वळत जातो. ७.९ कि.मी. गेल्यावर तो बरोबर ४.९ मीटर खाली गेलेला असतो. म्हणजे हवा नसती आणि सेकंदाला ७.९ कि.मी. वेगाने गोळा फेकता आला असता, तर तो जेवढा पडला असता तेवढीच जमीनही खाली सरकली असती. पडणे कायमचे, पोचणे कधीच नाही. वेग याहून थोडा जास्त दिला तर वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. येथून चांद्रयानाची वाट सुरू होते.

इस्रोने वेळोवेळी जाहीर केलेले आकडे फळ्यावर लिहू. १४ जुलै २०२३ ला प्रक्षेपकाने यान सोडले तेव्हा ते पृथ्वीच्या पृष्ठभागापासून कमीत कमी सुमारे १७० आणि जास्तीत जास्त सुमारे ३६,५०० कि.मी. अंतरावर जाणाऱ्या लंबवर्तुळात होते. २० जुलैला हे आकडे २३३ आणि ७१,३५१ झाले. २५ जुलैला २३६ आणि सुमारे १,२७,६००. १ ऑगस्टला २८८ आणि ३,६९,३२८. (मधले तीन लहान बदल सोडून दिले आहेत.) जवळचा आकडा जवळपास जागच्या जागी आहे, लांबचा मात्र झपाट्याने वाढतो आहे. हे मुलांना स्वतःच दिसले पाहिजे, आपण सांगू नये.

ही लंबवर्तुळे दोन खिळे आणि दोऱ्याच्या फाशाने प्रमाणात काढता येतात. १ सें.मी. म्हणजे ५,००० कि.मी. असे प्रमाण घ्या. पृथ्वी अडीच सें.मी. व्यासाची होईल, साधारण मोठ्या नाण्याएवढी. दोन खिळ्यांतले अंतर म्हणजे लांबच्या आणि जवळच्या आकड्यांतला फरक. एक खिळा नेहमी पृथ्वीच्या केंद्रात राहील. पहिल्या कक्षेसाठी खिळे ७.३ सें.मी. अंतरावर आणि फासा १७.२ सें.मी. लांबीचा. २० जुलैच्या कक्षेसाठी १४.२ आणि ३१.१, २५ जुलैसाठी २५.५ आणि ५३.६. १ ऑगस्टच्या कक्षेला खिळे ७३.८ सें.मी. अंतरावर आणि फासा तब्बल दीड मीटरचा. ही आकृती फळ्यावरच काढावी लागते, आणि तिच्या टोकाजवळ, पृथ्वीपासून ७७ सें.मी. वर, वाटाण्याएवढा चंद्र. पाठ्यपुस्तकाच्या पानावर पृथ्वी आणि चंद्र दोन बोटांच्या अंतरावर छापलेले असतात, त्यामुळे हे अंतर पाहून मुले आणि शिक्षक दोघेही थोडा वेळ गप्प होतात.

आता केप्लरचा तिसरा नियम वापरू. आवर्तकालाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. लंबवर्तुळासाठी सरासरी अंतर म्हणजे त्याच्या लांब अक्षाचा निम्मा भाग, तो पृथ्वीचा व्यास मिळवून काढायचा. तुलनेसाठी चंद्र हाताशी आहेच: अंतर ३,८४,४०० कि.मी., आवर्तकाल २७.३ दिवस. पहिल्या कक्षेचे सरासरी अंतर २४,७१३ कि.मी. येते आणि आवर्तकाल पावणेअकरा तासांच्या आसपास. २५ जुलैच्या कक्षेचा दोन दिवसांहून थोडा जास्त. आणि २० जुलैच्या कक्षेचे सरासरी अंतर येते ४२,१७० कि.मी., आवर्तकाल जवळजवळ २४ तास.

हा आकडा ओळखीचा आहे. घरावरची डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते तो भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून जवळजवळ एवढ्याच अंतरावर, वर्तुळात फिरतो आणि त्यालाही एका फेरीला एक दिवसच लागतो. एक वाट गोल, दुसरी लांबट, एक उपग्रह कधी जवळ येत नाही, दुसरे यान पृथ्वीला घासून जाऊन ७१ हजार कि.मी. वर पोचते. तरी दोघांना वेळ सारखाच. आम्ही स्वतः हा हिशेब त्या परतीच्या प्रवासानंतर पहिल्यांदा केला आणि दोनदा तपासला. केप्लरचा नियम इतकी वर्षे शिकवूनही तो असा हाती लागला नव्हता.

मूळ प्रश्न अजून बाकी आहे. वेग किती बदलावा लागला? पृथ्वीजवळून जाताना यानाचा वेग पहिल्या कक्षेत सेकंदाला सुमारे १०.३ कि.मी. होता. २० जुलैच्या कक्षेत १०.५ आणि १ ऑगस्टच्या कक्षेत १०.८. हे आकडे आम्ही ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून काढले आहेत, अकरावी-बारावीचे विद्यार्थीही काढू शकतील. सेकंदाला जेमतेम अर्ध्या किलोमीटरची भर, आणि लांबचे टोक ३६ हजारांवरून ३ लाख ६९ हजारांवर! त्या उंचीवर मुक्तिवेग सेकंदाला १०.९ कि.मी. आहे, म्हणजे चांद्रयानाने तो कधी गाठलाच नाही. "चंद्रावर जायला सेकंदाला ११.२ कि.मी. वेग हवा," असे आपण सर्रास सांगतो. ते खरे नाही. चंद्र स्वतःच पृथ्वीला बांधलेला आहे, त्याच्यापर्यंत जाण्यासाठी पृथ्वीपासून सुटका करून घ्यावी लागत नाही. वाटेत चंद्र भेटला नसता तर यान त्या लांबलचक लंबवर्तुळावरून पुन्हा पृथ्वीजवळ परतले असते.

ही अर्ध्या किलोमीटरची भर एकदम का दिली नाही? कारण यानाचे इंजिन लहान होते. त्याचा जोर ४४० न्यूटन, म्हणजे आपण ४५ किलोचे पोते उचलून धरायला लावतो तेवढा. आणि ढकलायचे होते सुमारे ३,९०० किलोचे यान. न्यूटनचा दुसरा नियम: त्वरण निघते ०.११ मी./सेकंद². सेकंदाला ५६० मीटर वेग वाढवायला या हिशेबाने सुमारे ८३ मिनिटे लागतील. इंधन जळून यान हलके होत जाईल तशी थोडी कमी. पण सेकंदाला दहा कि.मी. वेगाने निघालेले यान पृथ्वीजवळ तेवढा वेळ थांबते कोठे? तेवढ्या वेळात ते हजारो कि.मी. दूर गेलेले असते.

दूर गेल्यावर धक्का दिला तर काय बिघडते, असे एखादा मुलगा विचारीलच. विचारले नाही तर आपण विचारावे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग १० वरून १०.१ केला तर वर्गात २.०१ ची भर पडते. १ वरून १.१ केला तर फक्त ०.२१ ची. इंधन दोन्ही वेळा सारखेच जळते, मिळकतीत मात्र जवळजवळ दहापट फरक. लांबच्या टोकाशी यान अगदी मंद चालते. २० जुलैच्या कक्षेत तेथे वेग सेकंदाला ०.९ कि.मी. इतकाच होता. केप्लरचा दुसरा नियम हेच सांगतो. म्हणून लांबचे टोक पुढे ढकलण्यासाठी धक्का द्यायचा तो पृथ्वीजवळ, यान सर्वांत वेगात असताना. झोपाळ्याला आपण योग्य क्षणी थोडा थोडा झोका देतो तसेच काहीसे. एक झोका द्यायचा, फेरी पूर्ण होऊ द्यायची, पुन्हा जवळ आले की दुसरा. या फेऱ्यांतच दिवस जातात. (जास्तीची ऊर्जा आली कोठून, हा प्रश्न हुशार मुलांसाठी राखून ठेवावा. यानाबरोबर धावणाऱ्या इंधनाकडेही वेगामुळे आलेली गतिज ऊर्जा होती, एवढा इशारा पुरे.)

अपोलो ११ ला हे करावे लागले नाही. १६ जुलै १९६९ ला निघून ते १९ जुलैला चंद्राच्या कक्षेत पोचले, कारण त्याला नेणारा सॅटर्न-५ उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टनांचा होता आणि त्याच्या तिसऱ्या टप्प्याने सगळा वेग एका दमात दिला. आत माणसे होती, त्यांना हवा, पाणी, अन्न लागत होते, रेंगाळणे परवडणारे नव्हते. आपला एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचा. तेव्हा आम्ही त्या मुलीला सांगायला हवे होते ते असे: लांबच्या वाटेमुळे इंधन वाचले असे नाही. लहान प्रक्षेपकाने जेथे सोडले तेथून लहान इंजिनाने, पृथ्वीजवळच्या प्रत्येक भेटीचा फायदा घेत, उरलेला वेग थोडा थोडा मिळवला. वेळ भरपूर होता, तो खर्च केला.

मोहिमेच्या उतरण्याच्या टप्प्यातही वर्गासाठी बरेच आहे, त्यातले एकच सांगतो. चांद्रयान-२ चा लँडर ७ सप्टेंबर २०१९ ला अखेरच्या टप्प्यात संपर्क तुटून कोसळला. त्याची कारणे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जुलै २०२३ मध्ये उघडपणे सांगितली: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यामुळे चुका साठत गेल्या, त्या सुधारायला यानाला जितक्या वेगाने वळायला हवे होते तितके वळण्याची मुभा त्याच्या आज्ञावलीत नव्हती, आणि उतरायची जागा ५०० मीटर लांबी-रुंदीची, म्हणजे फार लहान ठरवली होती. पुढच्या वेळी जागा ४ कि.मी. गुणिले २.५ कि.मी. ठेवली. प्रयोगवहीत उत्तर जुळले नाही की मुले आकडे खोडून "बरोबर" आकडे लिहितात, आणि कित्येकदा आपणही ते चालवून घेतो. त्या तासाला ही हकिकत वाचून दाखवावी आणि मूळ आकडे पुन्हा लिहून घ्यावेत.

गेल्या वर्षी त्याच शाळेत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी चित्रांऐवजी खिळे, दोरा आणि तीन रिकाम्या बाटल्या नेल्या होत्या. दीड मीटरचा दोरा दोनदा तुटला, शेवटी सुतळी आणली. ती मुलगी आता शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयात होती, पण गुरुजींनी निरोप दिल्यामुळे आली होती. मागच्या बाकावर बसून तिने सगळे आकडे उतरवून घेतले. शेवटी तिने विचारले, "चंद्राजवळ पोचल्यावर वेग कमी करायचा असतो. मग तो ब्रेकसुद्धा चंद्राच्या सर्वांत जवळ असतानाच लावायचा का?"

आम्ही फळ्यावर ५ ऑगस्ट २०२३ चे आकडे लिहिले: चंद्राच्या पृष्ठभागापासून १६४ आणि १८,०७४ कि.मी. त्याखाली चंद्राची त्रिज्या, १,७३७ कि.मी. हिशेब तिने करून पाठवायचा आहे.